कोमो सरोवराकाठची पत्रे : यंत्र, सामर्थ्य आणि ख्रिस्ती नीती

तंत्रज्ञानाविषयीच्या ख्रिस्ती नीतिविचारात नकाराचाच सूर असणार, असे आपण गृहीत धरतो. रोमानो ग्वार्दिनी या कॅथलिक धर्मगुरूंची कोमो सरोवराकाठची पत्रे वाचली की हे गृहीतक टिकत नाही. ग्वार्दिनी १८८५मध्ये इटलीत व्हेरोना येथे जन्मले, वाढले जर्मनीत. ही नऊ पत्रे त्यांनी १९२३ ते १९२५ या काळात लिहिली. १९२७मध्ये त्यांचे पुस्तक झाले.

आरंभीच्या पत्रांत शोक आहे. शिडाच्या होडीतला माणूस वाऱ्याला वळवून घेतो, पण त्याच्याशी नाते राखून. प्रचंड आगबोटीवर वारा आणि लाटा जाणवतही नाहीत. घरातल्या विस्तवाची जागा नळांतून येणाऱ्या उबेने घेतली की विस्तव राखण्याचे भानही जाते. नवव्या पत्रात मात्र विचार वळतो. मागे परतणे ही ग्वार्दिनींना पळवाट वाटते. हे युग आपले मानावे आणि यंत्रशक्तीवर हुकमत ठेवू शकेल असा माणूस आतून घडवावा, असे ते सांगतात.

या मांडणीचे बळ इथे आहे आणि उणीवही इथेच. होडीचे सौंदर्य काठावरून पाहणाऱ्याला दिसते. वल्हे मारणाऱ्याचा खांदा दुखत असतो. त्याचे कष्ट हलके करणे हीसुद्धा शेजाऱ्यावरची प्रीतीच. ही बाजू पत्रांत दबून राहते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ग्वार्दिनींचा आधार घेतला. सामर्थ्य वाढले, पण ते नीट वापरायला माणूस शिकला नाही, हे सूत्र त्यांनी ग्वार्दिनींच्या १९५०च्या पुस्तकातून उचलले. त्याच प्रकरणात ते रोजगाराकडे वळतात आणि खर्च वाचवण्यासाठी माणसाच्या जागी यंत्र आणण्याला हरकत घेतात. पत्रांत मागे राहिलेला श्रमिक इथे पुढे येतो.

तरी एक प्रश्न उरतोच. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची खेप, वेळ आणि मोबदला आज ॲप ठरवते. निर्णय अन्यायाचा वाटला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? ग्वार्दिनींची भिस्त माणसाच्या अंतःकरणावर आहे. पण इथे निर्णयामागे एक माणूस सापडतच नाही. म्हणून विवेकी माणसाइतकीच जाब विचारता येईल अशी व्यवस्थाही ख्रिस्ती नीतीने मागायला हवी. ती मागणी केली नाही, तर ग्वार्दिनींचा होकार बलवंतांच्याच सोयीचा ठरेल.