पत्ता आणि लोकेशन

आजच्या व्याख्यानाचा विषय उपग्रहांचा आहे, पण आम्ही सुरुवात जमिनीवरून करणार आहोत. पूर्वी घरी बोलावताना लोक म्हणायचे, पत्ता लिहून घ्या. आता म्हणतात, लोकेशन टाकतो. एकाच गोष्टीचं हे जुनं आणि नवं नाव आहे असं आपण धरून चालतो. आमचं म्हणणं असं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी बसवताना काय सुटलं याचा हिशेब आपण अजून केलेला नाही.

जुना पत्ता आठवून बघा. स्टँडवरून सरळ या, मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळा, पुढे पिठाची गिरणी लागेल, तिथे कोणालाही विचारा. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटचा. कोणालाही विचारा. म्हणजे पत्ता मुळातच अपुरा असायचा आणि तो पुरा करायला तिथला माणूस लागायचा. लोकेशन अपुरं नसतं, निदान तसा त्याचा दावा असतो. अक्षांश, रेखांश, संपलं. मग विचारायचं कोणाला आणि कशाला?

आता उपग्रहांकडे येऊ. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फेरी मारतात. ते करतात काय? वेळ सांगतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि तो अखंड सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. तुमच्या खिशातला फोन हे ऐकतो, संकेत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, आणि किमान चार उपग्रह ऐकू आले की स्वतःची जागा ठरवतो. चौथा कशाला? फोनमधलं घड्याळ साधं असतं, त्याची चूक काढायला. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. सापेक्षतावादाच्या हिशेबाने उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, आणि ती दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात दहा-अकरा किलोमीटरचा घोळ होईल. हे काम फार सुंदर आहे. आजची टीका त्याच्यावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. हा उपग्रह तुम्हाला बघत नाही, तुम्ही आहात हेही त्याला ठाऊक नाही. आणि त्याला रस्ते ठाऊक नाहीत. 'पुढे डावीकडे वळा' हे उपग्रह सांगत नाही. ते सांगतो नकाशा, आणि त्या नकाशावर चालणारा हिशेब, की कोणत्या वाटेने वेळ कमी लागेल. मी कुठे आहे, या प्रश्नाचं उत्तर आकाशातून येतं. मी कसं जाऊ, याचं उत्तर येतं एका कंपनीकडून. आपण दोन्हींना मिळून 'जीपीएस' म्हणतो आणि घड्याळाचा अचूकपणा नकाशाच्या नावावर जमा करून टाकतो. फसगत सुरू होते ती इथून.

जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कोतूळजवळ एक गाडी रात्रीच्या वेळी पाण्यात गेली. कळसूबाईकडे निघालेली पुण्याची मंडळी होती. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा गेला. तिथला जुना पूल धरणाच्या फुगवट्याखाली जातो. आसपासच्या गावांना हे माहीत होतं, नकाशाला नव्हतं. बातम्यांचे मथळे 'मॅपने घात केला' अशा धर्तीचे होते. आता विचार करा, त्या पुलाच्या अलीकडे टपरी उघडी असती आणि गाडी थांबवून कोणी विचारलं असतं, तर उत्तर काय मिळालं असतं? "अहो, तिकडून कुठं निघालात, पूल पाण्यात हाय." उपग्रहाला त्या गाडीची जागा काही मीटरपर्यंत काढून देता येत होती, आणि हे एवढं एक वाक्य कुठूनच आलं नाही.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडली आणि तीन जण गेले. पुलाचा भाग आधीच पुराने वाहून गेलेला होता. तिथे गुन्हा दाखल झाला तेव्हा त्यात सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंते होते आणि नकाशा कंपनीचा एक अनामिक अधिकारीही होता. हा 'अनामिक' शब्द आम्हाला फार बोलका वाटतो. टपरीवरच्या माणसाने वाट सांगितली तर तो माणूस समोर असतो, संध्याकाळी परत येताना त्याला जाब विचारता येतो. फोनमधला आवाज ठाम असतो, 'बहुतेक', 'मला वाटतं' असं म्हणत नाही, आणि त्याच्यामागे उभं कोण आहे ते पोलिसांनाही नावानिशी लिहिता येत नाही. अर्थात यात एक पळवाटही आहे. मॅपला दोष दिला की पुलाच्या तोंडाशी साधं अडथळ्याचं बांधकाम का नव्हतं, फलक का नव्हता, हा प्रश्न मागे पडतो. खात्याला ते सोयीचंच असतं.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की आम्ही जुन्या दिवसांचे गोडवे गातोय. तसं नाही. 'कोणालाही विचारा' हे वाक्य सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. रात्री एकट्या बाईने चौकातल्या चार पुरुषांना पत्ता विचारणं म्हणजे काय, हे बायकांना विचारा. आणि खेड्यात वाट विचारली की उलट प्रश्न यायचा, कोणाकडे जायचंय? आडनाव काय? त्या आडनावावरून जात ठरायची, आणि जातीवरून पुढचं बोलणं. आपल्या पत्त्यांमध्येच जात होती. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे फोनवर लोकेशन टाकणं सर्रास झाल्यानंतर. ज्याला आपल्या वस्तीचं नाव चारचौघांत सांगताना घसा कोरडा पडायचा, त्याच्यासाठी नुसता निळा ठिपका पाठवता येणं ही लहान गोष्ट नाही. लोकेशन आडनाव विचारत नाही. जुन्या पत्त्याच्या आठवणींनी हळवं होणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग अडचण कुठे आहे? माणसाची गरज संपली असं आपण मानून बसलो, तिथे. ती संपलेली नाही, फक्त दिसेनाशी झाली आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ, कोकणातले, संस्कृतचे कवी. त्यांच्या सहा आकड्यांनी पत्र टपाल कार्यालयापर्यंत पोचायचं, दारापर्यंत पोस्टमन न्यायचा. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला, दहा अक्षर-अंकांत चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवणारा. चौकोन लहान झाला म्हणून पोस्टमनचं काम संपलं का? उंच इमारतींच्या भिंतींवरून संकेत परावर्तित होऊन येतात, ठिपका शेजारच्या सोसायटीत पडतो, गेट दुसऱ्याच गल्लीत निघतं. हेल्मेट काढून "सर, गेटला आलोय, वॉचमन सोडत नाही" असा फोन करणारा पोरगा तेच जुनं, वाट विचारायचं काम करतोय. फक्त आता ते त्याच्या मिनिटांतून कापलं जातं. ठिपका इमारतीपाशी पोचला म्हणजे तो पोचला, असं ॲप धरतं.

आणि ठिपका कोणाचा दिसतो, कोणाला दिसतो, हेही बघा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. कामगार ठरलेल्या हद्दीत आहे की नाही हे कार्यालयात बसून दिसावं म्हणून. कचरा वेळेवर उचलला जावा ही मागणी रास्तच आहे. पण कचऱ्याच्या कंत्राटावर सही करणाऱ्या साहेबाच्या मनगटावर असं घड्याळ आम्ही अजून पाहिलेलं नाही. मघाशी म्हटलं तसं, उपग्रह कोणावर नजर ठेवत नाही. नजर ठेवते ती जमिनीवरची व्यवस्था, घड्याळाने काढलेली जागा कार्यालयाकडे पाठवून. पाळत आकाशातून येते असं म्हटलं की ती कोणाच्या हुकमाने आली हे विचारायचं राहून जातं.

शेवटी आपल्या 'नाविक'बद्दल थोडं. कारगिलनंतर स्वतःची यंत्रणा हवी हे पटलं, २०१३ ला पहिला उपग्रह गेला, २०१६ ला सात पुरे झाले. मग काही उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बंद पडली. २०२३ च्या उपग्रहात देशी घड्याळ बसलं. जानेवारी २०२५ चा उपग्रह मात्र झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. या कामाला पाठिंबा द्यायला हवा, अधिक पैसाही द्यायला हवा. पण घड्याळ देशी झालं म्हणून नकाशा आपोआप शहाणा होणार नाही. कोणता पूल कधी पाण्याखाली जातो, कोणता घाट दरड कोसळून बंद आहे, हे आजही एसटीच्या ड्रायव्हरला आणि नदीकाठच्या गावाला ठाऊक असतं. ती माहिती बांधकाम खात्याने रोजच्या रोज गोळा करून, कोणत्याही नकाशाला वापरता येईल अशा रीतीने खुली करावी, आणि पूल बंद असेल तर त्याच्या तोंडाशी रात्री दिसेल असा अडथळा उभा करावा. यातल्या कशालाही उपग्रह लागत नाही. आता प्रश्न घेऊ.