‘घरांत’ आणि ‘घरात’: यांत्रिक आदेशाची मर्यादा

मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. तत्पूर्वीचे ग्रंथ संगणकावर नव्या लेखनात उतरविताना रेग्युलर एक्स्प्रेशनचा आश्रय घेणे सोयीचे वाटते. अक्षरक्रमाचा साचा द्यावा, त्याच्या जागी यावयाचा मजकूर सांगावा, की सहस्र पृष्ठे क्षणार्धात बदलतात. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत हा स्थानी आणि आदेश यांचाच व्यवहार होय.

शब्दान्ती काना, अनुस्वार व ‘त’ आल्यास अनुस्वार गाळावा, असा नियम केला म्हणजे ‘घरांत’चे ‘घरात’ होते. परंतु ‘प्रांत’चे ‘प्रात’ आणि ‘सिद्धांत’चे ‘सिद्धात’ही होते. शब्दसीमेचे चिन्हही सर्वत्र विश्वसनीय नाही. पायथन भाषेच्या मूळ ‘री’ विभागात स्वरचिन्हे शब्दाचे घटक मानली जात नाहीत. तेथे ‘शांती’तील ‘त’नंतरच शब्द संपल्याचे गृहीत धरले जाऊन ‘शाती’ हे रूप जन्मास येते. जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह केवळ रोमन अक्षरे, अंक व अधोरेखा ओळखते. म्हणून तेथे ‘घरांत’ला धक्काही लागत नाही.

हे दोष अपवादांच्या यादीने व सीमेच्या काटेकोर व्याख्येने दूर करता येतील. खरी अडचण याहून खोल आहे. जुन्या लेखनातील ‘त्या घरांत दिवा लागला’ या वाक्यात घर एक की अनेक? नव्या नियमांनुसार एकवचनी ‘घरात’ आणि अनेकवचनी ‘घरांत’ हा भेद लेखनात दाखवावा लागतो. जुन्या लेखनात दोन्ही रूपे एकच होती. स्टीफन क्लीनी यांनी १९५६ सालच्या निबंधात ज्यांचा पाया घातला, त्या पदावल्या चिन्हांच्या क्रमाचे वर्णन करतात, अर्थाचे नव्हे. पाणिनीने मात्र आपल्या अनेक नियमांना अर्थाच्याही अटी जोडल्या आहेत.

तेव्हा असा आदेश ही केवळ यांत्रिक क्रिया नसून संपादकीय निर्णय ठरतो. सरसकट बदलानंतर केवळ ‘घरात’ एवढेच हाती उरले, तर मूळ लेखकाला अनेक घरे अभिप्रेत होती काय, हा प्रश्न उपस्थित होण्याचे कारणच नाहीसे होते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही हानी अशुद्ध मुद्रणापेक्षा गंभीर आहे. कारण मुद्रणदोष डोळ्यांना खुपतो, हा दोष शुद्धतेच्या वेषात वावरतो. म्हणून साच्याने स्थळे शोधावीत, निर्णय संपादकाने संदर्भ पाहून करावा, मूळ पाठ अबाधित राखावा आणि योजलेला प्रत्येक नियम प्रस्तावनेत नोंदवावा. एवढी शिस्त नसलेल्या आवृत्तीस वाचनीय म्हणता येईल; प्रमाण मानता येणार नाही.