नऊ क्रमांकाची रिकामी जागा

१० जून २०१२ रोजी ग्दान्स्क येथे युरो स्पर्धेतल्या इटलीविरुद्धच्या सामन्यात स्पेनचे प्रशिक्षक विसेंते डेल बॉस्के यांनी जो संघ उतरवला, त्यात आघाडीवीर नव्हता. चार बचावपटू आणि त्यांच्यापुढे मधल्या फळीतले सहा जण : बुस्केट्स, अलोन्सो, झावी, इनिएस्टा, सिल्वा, फॅब्रेगास. डेव्हिड व्हियाचा पाय आदल्या डिसेंबरात मोडला होता हे खरे. पण तोरेस, नेग्रेदो, योरेंते हे तिघेही चमूत होते. तेव्हा ही अडचण नव्हती, निवड होती.

या निवडीवर दोन शिक्के बसले : कंटाळवाणी आणि भित्री. पहिला शिक्का मीही मारला होता. फॅब्रेगास ज्यांत त्या जागी सुरुवातीपासून खेळला असे तीन सामने (इटली, फ्रान्स आणि अंतिम फेरीत पुन्हा इटली) यंदा कागद-पेन्सिल घेऊन, थांबवत थांबवत पाहिले आणि माझे मत बऱ्याच अंशी बदलले.

मागे सरकणारा आघाडीवीर नवा नव्हे. १९५३ साली वेम्बलीवर हंगेरीच्या हिदेगकुटीने तसेच खेळून इंग्लंडला ६-३ असे हरवताना तीन गोल केले होते. पण त्याच्यापुढे पुश्काश आणि कोचिश होते. स्पेनच्या रचनेत पुढे कोणीच नाही. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना जागा म्हटली की तिथे उभा असलेला माणूस दिसतो. इथे जागा आहे, माणूस यायचा आहे. तो वेळेवर येतो की नाही, यावर सगळे ठरते.

ग्दान्स्कला तो बराच वेळ आला नाही. इटलीच्या तीन जणांच्या बचावफळीत मधोमध दे रोस्सी होता, मुळात मधल्या फळीतला. अंगावर कोणी नसल्याने तो निवांत पुढे सरकून पास तोडत राहिला. फॅब्रेगास चेंडूसाठी मागे येई, तर तिथे आधीच पाच जण. ६१व्या मिनिटाला दी नतालेने गोल केला. तीनच मिनिटांनी बरोबरी झाली, आणि सिल्वाने तो पास दिला तेव्हा फॅब्रेगास उभा नव्हता, बचावफळी भेदून धावत होता.

या तिन्ही सामन्यांत फॅब्रेगासला बदलून तोरेसला आणले गेले. त्याआधीचे गोल मोजले तर चार भरतात. करणारे चौघे : फॅब्रेगास, अलोन्सो, सिल्वा, अल्बा. फ्रान्सविरुद्ध अलोन्सो खूप मागून धावत आला आणि अल्बाच्या क्रॉसवर त्याने डोक्याने गोल केला. त्याच्याकडे पाहायचे कोणी, हे फ्रान्सच्या बचावपटूंना ठरवता आले नसावे. कीव्हच्या अंतिम सामन्यात १४व्या मिनिटाला इनिएस्टाच्या पासवर फॅब्रेगासने कियेल्लिनीला मागे टाकून गोलरेषा गाठली, चेंडू मागे दिला आणि सिल्वाचे हेडर आत गेले. ४१व्या मिनिटाचा गोल तर डाव्या बाजूच्या बचावपटूचा. अल्बाने झावीला पास दिला आणि न थांबता धावत सुटला. झावीचा परतीचा पास त्याला थेट बुफॉनसमोर घेऊन गेला. त्या दिवशी इटलीनेही पिर्लोला तळाशी ठेवून मधली फळी चौघांची केली होती. म्हणजे माणसे मोजून उत्तर मिळत नाही. फरक पुढे धावणाऱ्यांचा होता.

आता आकड्यांची दुसरी बाजू. हे चार गोल साडेतीन तासांहून अधिक खेळातले. ही काही उधळण नव्हे. पण खरा आघाडीवीर असता तर, या प्रश्नाला उपांत्य सामना उत्तर देतो : पोर्तुगालविरुद्ध नेग्रेदो सुरुवातीपासून होता, फॅब्रेगास त्याच्या जागी नंतर आला, आणि १२० मिनिटांत गोल नाही.

भित्रेपणाचा आरोप मात्र मला पुरता खोडता येत नाही. सहा सामन्यांत स्पेनवर एकच गोल झाला तो चेंडू सोडलाच नाही म्हणून, आणि फ्रान्सविरुद्ध आघाडीनंतरचा बराच वेळ ते नुसते चेंडू राखत होते. बुस्केट्स आणि अलोन्सो दोघेही हवेत का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे.

कीव्हला तोरेस आला तेव्हा इटलीचे दहाच खेळाडू उरले होते. थियागो मोत्ता जखमी झाला आणि तिन्ही बदल संपलेले होते. ८४व्या मिनिटाला तोरेसने, पाठीवर नऊ क्रमांक असलेल्या माणसाने, त्या जागेतून गोल केला. चार मिनिटांनी तो पुन्हा तिथे पोहोचला, आणि चेंडू त्याने बाजूला माताकडे सरकवला. ४-०.