बी.एस्सी. नर्सिंगची ‘मंजूर फी’ : आकडा एक, अर्थ तीन



संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांसाठी आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ या. भंडारा जिल्ह्यातल्या मुलीला खासगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंग करायला किती पैसे लागतात?

उत्तर सोपं वाटतं. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जायचं, कॉलेजचं नाव शोधायचं, समोरचा आकडा उतरवायचा आणि चारने गुणायचं, कारण कोर्स चार वर्षांचा. लघुशोधप्रबंधात एक तक्ता तयार! गावातल्या पालकांना सल्ला देणारेही बहुतेक हेच करतात.

माझा आक्षेप याच तक्त्यावर आहे. तो आकडा खोटा नसतो. पण आपण ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तो वापरतो, त्या प्रश्नासाठी तो काढलेलाच नसतो. प्रयोगशाळेत वाचन लिहून घेण्याआधी आपण विचारतो ना, की हे उपकरण नेमकं काय मोजतंय? तेच इथे विचारू.

हा आकडा मोजतो काय?

थोडा इतिहास. २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की खासगी विनाअनुदानित संस्थांना आपली फी ठरवता येईल, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. २००३ च्या इस्लामिक अॅकॅडमी निकालातून फी तपासणाऱ्या समित्या आल्या. २००५ चा पी.ए. इनामदार खटला तर महाराष्ट्र शासनाविरुद्धचाच होता. त्यात सात न्यायाधीशांनी नफेखोरी रोखण्यासाठी नियमन करता येतं हे मान्य केलं. या सगळ्यानंतर महाराष्ट्राने २०१५ मध्ये खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेश आणि शुल्काचा कायदा केला. त्यातून दोन प्राधिकरणं उभी राहिली : एक प्रवेशावर लक्ष ठेवणारं, दुसरं फीवर.

फी ठरवण्याची पद्धत ढोबळमानाने अशी : कॉलेज आपले हिशेब सादर करतं. पगार, इमारत, देखभाल, प्रशासन असा खर्च धरायचा, वाढीसाठी वाजवी शिल्लक धरायची आणि ते विद्यार्थ्यांमध्ये विभागायचं. म्हणजे मंजूर फी हा संस्थेचा दरडोई खर्च आहे. कॉलेजने जास्त घेऊ नये म्हणून घातलेली ती मर्यादा आहे. मुलीच्या घरातून किती पैसे जाणार, हे मोजायला ती बनलेलीच नाही.

एका आकड्याचे तीन अर्थ होतात ते इथून. प्राधिकरणासाठी ती कमाल मर्यादा. कॉलेजसाठी ते अपेक्षित उत्पन्न. आणि घरासाठी? घरासाठी ती फक्त सुरुवात.

दार कोणतं, यावर फी ठरते

समजा दोन मुली आहेत. एक साकोलीची, एक लाखांदूरची. दोघी ओबीसी, दोघींच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. दोघी एकाच कॉलेजात, एकाच बाकावर बसतात. मंजूर फी दोघींना सारखीच. तरी एकीच्या घरून शिक्षण शुल्क जवळजवळ शून्य जाऊ शकतं आणि दुसरीच्या घरून पूर्ण. का?

कारण ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. त्याने आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत ५० टक्क्यांवरून १०० टक्के केली. नर्सिंगला येणाऱ्यांत मुलीच जास्त, तेव्हा या निर्णयाचा उपयोग इथे मोठा. पण अट आहे : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश वगळले आहेत. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळली आहेत.

साकोलीच्या मुलीने राज्य सीईटी कक्षाची बी.एस्सी. नर्सिंग सीईटी दिली, कॅपचा अर्ज भरला, पसंतीक्रम दिला, जागा मिळाली. लाखांदूरच्या मुलीला ‘थेट अॅडमिशन होते, कशाला त्या फेऱ्यांच्या भानगडीत पडता’ असं कुणीतरी सांगितलं. घरच्यांनी विश्वास ठेवला. दोघींच्या गुणांत फारसा फरक नसेलही. फरक पडला तो माहितीत, आणि त्याची किंमत चार वर्षांचं शिक्षण शुल्क.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर ‘प्रवेशाचं दार’ हा इथे महत्त्वाचा चल आहे. तुमच्या प्रश्नावलीत जात, उत्पन्न, पालकांचं शिक्षण असे सगळे रकाने असतील, पण ‘प्रवेश कॅपमधून की संस्थास्तरावर’ हा नसेल, तर तुम्ही दोन वेगळ्या लोकसंख्यांची सरासरी काढताय. ती सरासरी ना साकोलीच्या मुलीची, ना लाखांदूरच्या.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी योजना वेगळी आहे : भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अनुसूचित जातींच्या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. केंद्राचा वाटा आता थेट मुलीच्या बँक खात्यात येतो. तो पुढे कॉलेजला भरण्याची जबाबदारी तिची. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर तिथेच गाडी अडते.

यादीत नसलेला खर्च

आता सवलत मिळालेल्या मुलीकडे परत येऊ. शासन निर्णयातले शब्द नीट वाचा : शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस, गणवेश, पुस्तकं, अनामत रक्कम हे सगळं त्या दोन शब्दांच्या बाहेर. नर्सिंगमध्ये हा बाहेरचा खर्च मोठा असतो, कारण हा कोर्स घरी बसून होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या सुधारित नियमांनुसार थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलची १०० टक्के. (‘नॉन-अटेंडिंग करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर हे वाक्य त्याला वाचून दाखवा.) लाखांदूरहून रोज भंडारा-नागपूर ये-जा करून सकाळच्या ड्यूटीला पोचणं कसं जमायचं? वसतिगृह घ्यावंच लागतं.

मग घरखर्चाची आकडेवारी कुठे मिळेल? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) शिक्षणावरचा कौटुंबिक खर्च विचारला होता, आणि चांगला विचारला होता : कोर्स फी वेगळी, पुस्तकं-गणवेश वेगळे, प्रवास वेगळा, शिकवणी वेगळी. पण त्यात नर्सिंगला स्वतंत्र रकाना नाही. शिवाय देशभरच्या नमुन्यातून एका जिल्ह्यातल्या एका कोर्सबद्दल बोलण्याइतकी घरं हाती लागत नाहीत. उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण विद्यार्थी मोजतं, त्यांच्या घरचा खर्च नाही. थोडक्यात, हे काम कुणीतरी घरोघरी जाऊनच करायचं आहे. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

पैसे कधी लागतात, हेही मोजा

खर्चाच्या तक्त्यात वेळ नसते. भंडारा धानाचा जिल्हा आहे. रोवणी झाली की हातातला पैसा शेतात गेलेला असतो. खरिपाच्या धानाची आधारभूत खरेदी नोव्हेंबरपासून पुढे, आणि चुकारे त्यानंतर. प्रवेशाच्या फेऱ्या पडतात नेमक्या या दोघांच्या मधे. २०२४-२५ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. हिशेबासाठी एखाद्या कॉलेजची फी ९२,००० धरली, तर ती ४० क्विंटल धान झाली, आणि ते धान अजून उभं आहे. वसतिगृह त्यात धरलेलं नाही.

या दोन-तीन महिन्यांच्या अंतरात सावकार, बचत गट किंवा दागिने येतात. त्या कर्जाचं व्याज कुठल्याही फीच्या तक्त्यात दिसत नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळतं, हे खरं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी ही योजना मानांकनात वरच्या ८६० संस्थांपासून सुरू झाली. तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या नर्सिंग कॉलेजांनी त्या यादीत स्वतःचं नाव शोधण्यात फारसा अर्थ नाही.

कॉलेजची बाजूही ऐकली पाहिजे. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून उशिरा आली तर शिक्षकांचे पगार कशातून करायचे, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण म्हणून ‘आधी भरा, आल्यावर परत देऊ’ असं मुलीला सांगितलं, तर शासनाचा उशीर शेवटी धानवाल्या घराच्या डोक्यावर येतो. इस्लामिक अॅकॅडमी निकालाने एक गोष्ट स्पष्ट केली आहे : चालू वर्षाची किंवा सत्राची फी घ्या, पुढच्या वर्षांची आगाऊ मागू नका. हे पालकांना माहीत असायला हवं.

आणि बदल्यात मिळतं काय?

मंजूर फीवर माझी शेवटची तक्रार ही, की ती संस्थेचा खर्च सांगते, शिक्षण सांगत नाही. परिषदेच्या निकषांत बी.एस्सी. नर्सिंगसाठी संस्थेचं स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण आहे. खाटा मोजणं सोपं. त्यांवर रुग्ण आहेत का, हे पाहायला वॉर्डात जावं लागतं. रिकाम्या खाटेवर सलाईन लावायला शिकता येत नाही. खासगी कॉलेजं म्हणून शासकीय रुग्णालयांकडे वळतात. भंडाऱ्यात २०२४-२५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. तेव्हा एका रुग्णाभोवती किती विद्यार्थी उभे राहतात, हा प्रश्न आता आणखी महत्त्वाचा. ९ जानेवारी २०२१ ला याच शहराच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. वॉर्डात प्रशिक्षित माणूस असणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी बाजू नोकरीची. शासनाच्या अधिपरिचारिका पदाला तीन वर्षांचं जीएनएमही चालतं. मग चौथ्या वर्षाचा खर्च कशासाठी? एम.एस्सी., अध्यापन, आणि एम्सची नॉरसेट परीक्षा यांसाठी. नॉरसेटला जीएनएमवाल्यांना ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी.वाल्यांना लागत नाही. ज्या मुलीला यातलं काही करायचंय तिला बी.एस्सी. परवडते. जिला लवकर कमवायचंय तिला जीएनएमबद्दलही सांगायला हवं. फीच्या तक्त्यात जीएनएमची ओळ शेजारी नसते, म्हणून हा विचार होत नाही.

मग काय करायचं?

अभ्यास करणाऱ्यांनी तीन रकाने ठेवा : मंजूर किती, मागितले किती, घरातून गेले किती. चौथा रकाना तारखेचा. शक्य तिथे पावत्या बघा. आठवणीतला आकडा आणि पावतीवरचा आकडा यांत तफावत निघाली, तर तीसुद्धा तुमची माहितीच आहे. पावती मिळालीच नाही असं कुणी सांगितलं, तर तेही लिहून ठेवा, कॉलेजचं नाव मात्र गुप्त ठेवा. ज्या मुलीने सांगितलं तिला अजून तिथे परीक्षा द्यायची आहे.

आणि शासनाकडे एकच मागणी. आज मंजूर फी एका प्राधिकरणाकडे, जागावाटप सीईटी कक्षाकडे आणि शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. तीन ठिकाणं, तीन लॉगिन. एका पानावर कॉलेजनिहाय एवढंच छापा : मंजूर फी किती, कॅपमधून किती जागा भरल्या, संस्थास्तरावर किती भरल्या, आणि किती मुलींना सवलत प्रत्यक्ष मिळाली. ही सगळी माहिती शासनाच्याच यंत्रणांकडे आहे. ते पान लाखांदूरच्या नगरपंचायतीत जूनमध्ये लागलं, तर ‘फेऱ्यांच्या भानगडीत कशाला पडता’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला मुलीच्या हातात काहीतरी असेल.

तोवर, ओळखीतली कुणी यंदा बारावीला असेल तर तिला एवढंच सांगा : आधी सीईटी, मग कॅप, आणि पैसे द्यायच्या आधी पावतीचं पुस्तक बघ.