मुंबईच्या लोकसंख्येची सरळ रेषा : चढ आणि अंतःखंड यांचे वाचन

शिरगणतीचे आकडे समोर आले की त्यांतून एक सरळ रेषा काढावी, आणि तिचा चढ व अंतःखंड हे जणू त्या नगराचे अंगभूत गुणधर्मच आहेत असे समजून पुढील विवेचन करावे, हा मोह अभ्यासकाला सहज पडतो. मुंबईच्या बाबतीत तर तो अधिकच पडतो, कारण येथील आकडे रेषेवर विलक्षण नेटके बसतात.

१९५७ साली महानगरपालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत विस्तारली. म्हणून १९६१ पासून आरंभ करणे योग्य. बृहन्मुंबईची लोकसंख्या त्या वर्षी ४१.५ लक्ष होती. पुढील चार शिरगणतींत ती अनुक्रमे ५९.७, ८२.४, ९९.३ आणि ११९.८ लक्ष झाली. लघुतम वर्ग पद्धतीने या पाच आकड्यांची रेषा काढली असता चढ दर दशकाला १९.६ लक्ष येतो आणि १९६१ हे आरंभवर्ष मानल्यास अंतःखंड ४१.३ लक्ष येतो. एकही आकडा रेषेपासून दोन लक्षांहून अधिक दूर नाही. विद्यार्थ्याने संतुष्ट व्हावे अशीच ही स्थिती आहे.

परंतु हीच रेषा मागे नेली तर ती शून्याला १९४० च्या सुमारास छेदते. म्हणजे त्या साली मुंबईत कोणीच राहत नव्हते! वस्तुतः १९४१ च्या शिरगणतीत एकट्या मुंबई बेटावर सुमारे १४.९ लक्ष माणसे मोजली गेली होती. काळाची गणना इसवी सनाच्या शून्यापासून केली (असे वर्ष इतिहासात नव्हतेच, हा भाग वेगळा), तर अंतःखंड उणे ३८ कोटी येतो. रेषा तीच, आकडे तेच. केवळ मोजणीचा आरंभ बदलला. तेव्हा अंतःखंडाला अर्थ प्राप्त होतो तो आरंभबिंदू आकड्यांच्या टापूत असेल तेव्हाच.

चढाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. दशकाला १९.६ लक्ष म्हणजे दिवसाला सुमारे ५३७ माणसे. हा आकडा ऐकताच दादर स्थानकावर वळकट्या घेऊन उतरणारी माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि येथेच अर्थाची गल्लत होते. चढ हा जन्म, मृत्यू, आगमन आणि निर्गमन यांच्या बेरीज-वजाबाकीचा शेष आहे. चौघांपैकी कोणाचा वाटा किती, हे रेषा सांगत नाही. शिवाय गिरगावातील चाळ सोडून बोरिवलीस गेलेले कुटुंब या चढात तिळमात्र फरक करीत नाही. तेच कुटुंब डोंबिवलीस गेले तर हिशेबातूनच नाहीसे होते.

म्हणून चढाची फोड करणे आवश्यक ठरते. लघुतम वर्ग पद्धतीत बेरजेचा चढ हा घटकांच्या चढांची बेरीज असतो, ही येथे मोठी सोय आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाचे १९६१ ते २००१ चे आकडे २७.७, ३०.७, ३२.९, ३१.७ व ३३.४ लक्ष आहेत. त्यांचा चढ अवघा १.२ लक्ष, उरलेला १८.४ लक्षांचा चढ उपनगरांचा. गिरगाव, परळ, लालबाग यांच्या वाढीविषयी बोलताना १९.६ हा आकडा वापरणे म्हणूनच सर्वस्वी अनुचित होय.

बेटापुरता चढ तरी स्थिर आहे काय? १९५१ (२३.३ लक्ष) ते २०११ (३०.९ लक्ष) हा कालखंड घेतला तर तो अधिक १.३ येतो, १९८१ ते २०११ घेतला तर उणे ०.४. चिन्हच पालटते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाशी या पालटाचा संबंध जोडण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण १९९१ नंतर बेटाची संख्या पुन्हा वाढली आणि २००१ नंतर पुन्हा घटली. चार बिंदूंच्या रेषेवर एवढ्या मोठ्या सामाजिक उलथापालथीचा भार टाकणे मला तरी मान्य नाही.

आता राहिला भाकिताचा प्रश्न. पहिल्या रेषेनुसार २०११ साली बृहन्मुंबईत १३९.४ लक्ष लोक असावयास हवे होते. मोजले गेले १२४.४ लक्ष. पंधरा लक्षांची ही तफावत, आणि तीही इतक्या नेटक्या रेषेत. २०२१ साली तर शिरगणती झालीच नाही. त्यामुळे पाणी, शाळा, रुग्णालये यांची आखणी करणाऱ्यास त्या वर्षीच्या संख्येसाठी अनुमानाचाच आधार घ्यावा लागतो. २००१ पर्यंतच्या रेषेवरून ती १५९ लक्ष येते; २०११ चा बिंदू जमेस धरून रेषा पुन्हा काढल्यास १४९ लक्ष. एका बिंदूने दहा लक्ष माणसे कमी होतात, आणि ही दुसरी रेषाही २०११ च्या प्रत्यक्ष मोजणीहून सात लक्ष वरून जाते.