दोन मतांचा हिशेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अन्टचेबल्स’ हा इंग्रजी ग्रंथ 1945 साली मुंबईस प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकर-वाङ्मयाच्या नवव्या खंडात तो आज कोणासही सहज मिळतो. तथापि आमच्या सुशिक्षित कुटुंबांत या ग्रंथाचे नाव जितके ऐकू येते तितके त्याचे वाचन होत नाही. ज्यांस गांधीजी पूज्य, ते त्याच्या नावानेच बिचकतात. ज्यांस बाबासाहेब पूज्य, त्यांस त्यातील निष्कर्ष आधीच मान्य असल्यामुळे त्यामागची प्रमाणे तपासण्याची गरज भासत नाही. दोहोंकडून उपेक्षा व्हावी असा हा ग्रंथ खास नव्हे. वर्धा जिल्ह्यातील वाचकांस तर तो अधिकच जवळचा वाटावा, कारण त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण याच भूमीशी निगडित आहे.

ग्रंथाचे स्वरूप वकिलाच्या कैफियतीसारखे आहे. आधी करार व ठराव मूळ शब्दांत मांडावयाचे, मग निवडणुकीचे आकडे द्यावयाचे आणि शेवटी प्रतिपक्षाची उलटतपासणी करावयाची, असा ग्रंथकाराचा क्रम आहे. भाषा तिखट आहे. ठिकठिकाणी उपहास इतका प्रखर होतो की पुरावा आणि प्रहार यांतील अंतर वाचकाने स्वतः राखावे लागते. परंतु या प्रहाराखाली एक शांत, जवळजवळ गणिती विचार आहे, आणि आमच्या मते ग्रंथाचे खरे मोल त्यातच आहे. तो विचार असा: जो ज्याच्या मताने निवडून येतो, तो त्यालाच जबाबदार राहतो. बाकीच्यांस त्याच्या सद्भावनेवर विसंबून राहावे लागते.

ऑगस्ट 1932 च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांस दोन मते दिली होती. एक स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी, व दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. गांधीजींच्या उपोषणानंतर 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. त्याने राखीव जागा सुमारे दुपटीने वाढवून 148 केल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ काढून टाकला. अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडावे आणि त्यांतून एकास सर्वांनी मिळून निवडावे, अशी नवी योजना ठरली. म्हणजे अखेरचा शब्द बहुसंख्याकांचा राहिला. 1937 च्या निवडणुकीत 151 राखीव जागांपैकी काँग्रेसने 78 जिंकल्याचा हिशेब ग्रंथकार देतात आणि विचारतात की, हे प्रतिनिधी नेमके कोणाचे?

येथे आमचा एक आक्षेप आहे. ग्रंथकार दुसऱ्या मतास अमोल म्हणतात, कारण त्या मताच्या बळावर सवर्ण उमेदवारासही अस्पृश्यांच्या दारी यावे लागले असते. आणि ते मत करारात गेले याचा त्यांस खेद आहे. परंतु बारकाईने पाहता गेले ते पहिले मत. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, चंद्रपूरचा फाटा जेथे फुटतो, त्या जाम गावचा दलित मतदार आज हिंगणघाटच्या सर्वसाधारण मतदारसंघात मत देतो. तेथे सवर्ण उमेदवारास त्याच्या मताची गरज पडते. दुसऱ्या मताचे काम थोडेबहुत चालूच आहे. ज्याच्यावर केवळ आपल्याच लोकांचा अधिकार चालेल असा माणूस निवडण्याचे साधन मात्र त्याच्या हाती उरले नाही. दोन मतांची कामे दोन होती. एकाने आपला माणूस घडावयाचा, दुसऱ्याने परक्यास वचकात ठेवावयाचे. ग्रंथकाराने ही फोड अधिक स्पष्ट केली असती तर त्याचा युक्तिवाद दुबळा न होता उलट अधिक धारदार झाला असता.

पहिले मत गेल्याचा परिणाम ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर प्रत्यक्ष ग्रंथकाराच्याच वाट्यास आला. 1952 साली मुंबईत राखीव जागेवर ते पराभूत झाले. 1954 साली आमच्या विदर्भात, भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत, ते राखीव जागेसाठी पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. ज्या वर्गासाठी जागा राखीव, त्याच्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्यास ती मिळू नये, याहून बोलका दाखला कोणता हवा?

आता वर्ध्याच्या प्रकरणाकडे वळू. जुलै 1938 मध्ये मध्यप्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनविले व त्यात अग्निभोज या अस्पृश्य सभासदास घेतले. ते मंत्रिमंडळ दोनतीन दिवसांतच कोसळले. वर्ध्यास भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने खऱ्यांस दोषी ठरविले व पं. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. हरिजनांच्या मनात अशा आकांक्षा जागविल्याबद्दल गांधीजींनी आपणांस दोष दिला, असे खरे सभांतून सांगत. गांधीजींनी त्याचा इन्कार केला नाही, असे ग्रंथकार नोंदवितात. टीकाकाराने येथे सावध राहिले पाहिजे. पदच्युत झालेल्या माणसाची साक्ष एकटीने पुरेशी नसते, आणि मौन म्हणजे कबुली नव्हे. पण त्यानंतर मंत्रिमंडळात हरिजन मंत्री घ्यावा म्हणून हरिजनांनी सेगावी गांधीजींच्या आश्रमात सत्याग्रह केला, ही गोष्ट खऱ्यांच्या साक्षीवर अवलंबून नाही. मतपेटीतून जे मागता येत नव्हते ते मागण्यासाठी त्यांस आश्रमाच्या अंगणात बसावे लागले.

त्याच वर्षीचे दुसरे प्रकरण आम्ही या ग्रंथाशेजारी ठेवून वाचतो. एका अल्पवयीन हरिजन मुलीवरील अत्याचाराबद्दल शिक्षा झालेल्या कैद्यांस या प्रांताचे कायदेमंत्री शरीफ यांनी मुदतीपूर्वी सोडले. लोकांत संताप उसळला. कार्यकारिणीने निवृत्त न्यायमूर्ती मन्मथनाथ मुकर्जी यांचे मत घेतले, आणि शरीफ यांस जावे लागले. पक्षाने आपल्याच मंत्र्यास जाब विचारला, हे निःसंशय प्रशंसनीय. परंतु जाब कोणी विचारला? पक्षश्रेष्ठींनी. त्या मुलीच्या समाजाच्या हाती त्या मंत्र्यास खाली खेचण्याचे कोणते साधन होते? श्रेष्ठींनी डोळेझाक केली असती तर काय झाले असते, या प्रश्नास उत्तर नाही, आणि हा ग्रंथ मुळात याच प्रश्नाचे उत्तर मागतो.

हा प्रश्न केवळ आमच्या देशाचा नव्हे. अमेरिकेत 1870 च्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांचे मत मान्य झाले, पण साक्षरतेच्या परीक्षा आणि मतकर यांच्या आडून दक्षिणेतील राज्यांनी ते हिरावून घेतले. 1965 चा मताधिकार कायदा होईपर्यंत तेथील अधिकाऱ्यांस त्यांची पर्वा करण्याचे कारण नव्हते. आंबेडकरांनी 1946 साली ड्यू बॉईस यांस पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती. वर्ण निराळा, जात निराळी. मताविना माणूस शासकाच्या हिशेबात धरला जात नाही, हा अनुभव मात्र एकच.

आज विधिमंडळांतील राखीव जागांची मुदत 2030 पर्यंत वाढविली आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांपैकी 29 अनुसूचित जातींसाठी आहेत. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्या सभासदाचे पद तत्काळ जावे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. या सोयी मोलाच्या आहेत. तरी न्यायालय शिक्षा झालेल्यास काढील. कर्तव्य विसरलेल्यास काढणे मतदाराचेच काम, आणि ते पाच वर्षांतून एकदाच साधते. राखीव जागांची संख्या मोजून समाधान मानणाऱ्या वाचकाने हा ग्रंथ अवश्य वाचावा. गांधीजींवरील त्यातील सर्वच आरोप त्यास पटतील असे नाही. आम्हांसही पटलेले नाहीत. परंतु आपल्या आमदाराचे नाव उच्चारताना, तो कोणास भितो हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील, आणि एका वादग्रंथाकडून याहून अधिक अपेक्षा आम्ही करीत नाही.