टोचता येणारी हायड्रोजेले : आश्वासन आणि कसोटी

प्रस्तावना
बहुवारिकांच्या पाणी धरून ठेवणाऱ्या त्रिमितीय जाळ्यास हायड्रोजेल म्हणतात. विख्टरले व लिम यांनी १९६० मध्ये त्याचा जैविक उपयोग सुचविला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व सहकाऱ्यांनी जेलच्या फुगण्या-आकुंचण्याचा पायाभूत अभ्यास केला. सुईवाटे द्रवरूपात शिरून शरीरात घट्ट होणारी, औषध सावकाश सोडणारी व प्रतिमेत दिसणारी जेले हा या संशोधनाचा पुढचा टप्पा होय. उपचारासाठी पलूसहून मिरजेस वारंवार खेपा घालणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने एका इंजेक्शनात अनेक दिवसांचे औषध मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच या दाव्यांची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन
पहिला आक्षेप जाळ्याच्या छिद्रांविषयीचा आहे. ही छिद्रे बहुधा काही नॅनोमीटर ते काही दशके नॅनोमीटर असतात, तर अनेक औषधांचे रेणू एक नॅनोमीटरच्या आसपासचे. परिणामी औषधाचा मोठा अंश आरंभीच निसटतो. दीर्घकालीन वहनाचा दावा येथेच लंगडा पडतो.

दुसरा आक्षेप तापमानाचा. पोलोक्झामर ४०७ चे सुमारे २० टक्के द्रावण थंडीत द्रव राहते, परंतु खोलीच्या तापमानाच्या आसपासच त्याचे जेल बनू लागते. पलूसच्या वैशाखात शीतपेटी नसेल, तर औषध शरीराऐवजी सिरिंजमध्येच गोठेल.

तिसरा आक्षेप प्रतिमेसंबंधी आहे. प्रोस्टेट व गुदाशय यांत किरणोपचारापूर्वी अंतर राखणाऱ्या जेलमध्ये आयोडीन मिसळल्यास ते सीटी स्कॅनमध्ये दिसते. तेथे प्रश्न केवळ स्थानाचा असल्याने ही योजना सार्थ आहे. औषधवहनात मात्र जेल दिसले म्हणजे औषध सुटले असे सिद्ध होत नाही, कारण दर्शक व औषध वेगवेगळ्या गतीने बाहेर पडतात.

अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेले मायटोमायसिनचे जेल मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगावर वापरतात. ते सुईने नव्हे, नळीवाटे व थंड करूनच सोडावे लागते. लघवीबरोबर वाहून न जाता काही तास टिकणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. मर्यादित अपेक्षा हेच त्याच्या यशाचे मर्म होय.

निष्कर्ष
पहिल्या २४ तासांत किती औषध सुटले, साठवण कोणत्या तापमानास झाली, दर्शक व औषध यांचे आलेख स्वतंत्र आहेत काय, या 3 प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शोधनिबंधाने द्यावीत. जलतापक, परीक्षानळी व वर्णपटमापक एवढ्या सामग्रीवर ग्रामीण महाविद्यालयातही यांतील बरीचशी तपासणी शक्य आहे.